इस्त्रीच्या घरातली लाल पट्टी

आमच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांना मी तोंडावर ‘भाऊ’ म्हणतो आणि पाठीमागे ‘इस्त्री’. हे नाव ठेवायला फार अक्कल लागली नाही. हा माणूस चपला काढतो त्यासुद्धा टाचेला टाच लावून. त्याच्या रुमालाला चार कोपरे असतात. आमच्याकडच्या रुमालांना किती असतात ते मला अजून नक्की सांगता येणार नाही. एकदा त्यांच्या गॅलरीत पायपुसणं जरा वाकडं वाळत पडलेलं दिसलं, तर मी आमच्या हिला हाक मारून दाखवलं. “भाऊ आजारी आहेत वाटतं.” ती म्हणाली, “तुम्हाला उद्योग नाहीत.” ते खरं होतं. मी चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि दुकान साथीमुळे बंद. लोकांच्या घरात डोकावायला इतका निवांत वेळ मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.

इस्त्री मात्र घरी बसणाऱ्यांतले नव्हते. ते मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मुकादम. वीस वर्षं तिथंच. धुलाईखाना म्हणजे कोपऱ्यावरची लाँड्री नव्हे. तिथं मधोमध एक भिंत असते आणि भिंतीत बसवलेली यंत्रं. प्रत्येक यंत्राला दोन दारं. एक मळक्या बाजूला उघडतं, दुसरं स्वच्छ बाजूला. वॉर्डातल्या चादरी इकडून आत जातात आणि धुऊन तिकडून बाहेर पडतात. माणसांना मात्र यंत्रातून जाता येत नाही. मळक्या बाजूच्या माणसाला पलीकडे जायचं तर मधल्या न्हाणीघरात अंघोळ करायची, नवे कपडे घालायचे, मग जायचं. जमिनीवर लाल पट्टी मारलेली. ती ओलांडताना साहेब जरी दिसला तरी भाऊ त्याला परत पाठवतात, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांच्या बोलण्यात फुशारकी तेवढीच.

घरात ते, त्यांची बायको आणि आठ वर्षांची मुलगी. वहिनी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून दुसऱ्या गावी गेल्या, पंधरा दिवसांत येते म्हणून, आणि चौथ्या दिवशी रस्ते बंद झाले. त्या तिकडे अडकल्या. इकडे उरले बाप आणि लेक.

लेकीला मी टकळी म्हणायचो. सकाळी डोळा उघडला की तोंड उघडायचं, ते रात्री मिटेपर्यंत. प्रश्न तर असे की उत्तर देणाऱ्याला घाम फुटावा. “काका, तुमचं टक्कल रोज थोडं थोडं होतं की एकदम झालं?” मी म्हणायचो, “तुझ्या एकेका प्रश्नाला एकेक केस.” मग ती बोटांवर मोजायला बसायची.

साथ आली आणि इस्त्रींनी धुलाईखान्यातली लाल चिकटपट्टी घरी आणली. दारातून आत शिरल्यावर चार पावलांवर आडवी मारली. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे स्वच्छ. चपला, पिशवी, भाजी, दूध, जे काही बाहेरून येईल ते मळक्या बाजूला. वस्तूपाशी जमिनीवर खडूनं वार आणि वेळ लिहायची. भाजी-दूध धुऊन आत, बाकीचं तीन दिवस तसंच. स्वतः घरी आले की टकळीनं कडी काढून आतल्या खोलीत जायचं, त्यांनी सरळ न्हाणीघरात जायचं, अंघोळ झाल्यावर हाक मारायची, मग तिनं बाहेर यायचं. मी बघायला गेलो तर मला उंबऱ्याबाहेर उभं करून सगळं समजावून सांगितलं. “भाऊ,” मी म्हटलं, “माझ्यापाशी पण खडूनं लिहा. पन्नास वर्षं झाली, अजून कुणी आत घेतलं नाही.” ते हसले नाहीत. त्या दिवसांत ते हसतच नव्हते.

सोय अशी ठरली. भाऊ साडेसहाला निघणार, साडेतीनला येणार. टकळीनं जाळीचं दार आतून कडी लावून बंद ठेवायचं. त्यांचं लाकडी दार उघडं, आमचंही उघडं. मध्ये जिन्यापुढची चार फरशांची जागा. आमची ही आमच्या दारात पाटावर बसणार आणि तिथून पोरीवर लक्ष ठेवणार. तिची मोबाईलवरची शाळा, तिचं जेवण, तिची दुपार, सगळं जाळीतून.

“जाळीला हात लावायचा नाही हं, वहिनी,” भाऊ हिला म्हणाले. “तुम्हीसुद्धा.”

“मग पोरगी पडली झडली तर काय तिला पोस्टानं उचलू?” ही म्हणाली. पण तिनं ऐकलं.

पहिले दहा-बारा दिवस मजेत गेले. टकळी जाळीला नाक लावून बोलायची, आम्ही दोघं पलीकडून ऐकायचो. एक दिवस तिनं शाळेतल्या बाईंची नक्कल, मग नकलेची नक्कल, मग तीच परत असं दीड तास चालवलं, तेव्हा मी म्हटलं, “अगं, बोलताना तोंडातून जंतू उडतात. तू दिवसाला जेवढी बोलतेस तेवढ्यानं ही साथ अजून दोन वर्षं चालेल बघ.” ती खिदळली. “तुम्ही पण बोलता की.” “म्हणून तर मी लांब बसतो.” हीसुद्धा हसली. विनोद जमला म्हटल्यावर मी तो पुढच्या आठवड्यात आणखी तीनदा केला. जमलेल्या विनोदाला मी सहसा सोडत नाही.

मग तो गुरुवार आला.

दुपारचे चार वाजले होते. भाऊ त्या दिवशी दोन माणसांचं काम एकट्यानं करून आलेले. डोळे आत गेलेले, शर्टाची एक बाही वर, एक खाली. इस्त्रींची एक बाही खाली, म्हणजे काय ते समजा. टकळीनं कडी काढली, पट्टीपलीकडे मागे झाली आणि आतल्या खोलीत जायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली. कुठलंसं चित्र शाळेत पहिलं आलं होतं, ते सांगायचं होतं. सांगता सांगता तिला राहवलं नाही. पट्टी ओलांडून धावली आणि तिनं बापाच्या कमरेला मिठी मारली.

“मळलीस,” भाऊ ओरडले. “झालं, मळलीस आता. लांब हो. हात वर धर. कशाला लावू नकोस, कशालाही लावू नकोस.”

तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. मी वीस वर्षांत या माणसाचा चढा आवाज ऐकला नव्हता. मग पाण्याचा आवाज, आणि मध्येच पोरीचं रडणं. तिला त्यांनी कढत पाण्यानं दोनदा अंघोळ घातली. फ्रॉक बादलीत भिजत टाकला.

कारण आम्हाला नंतर कळलं. त्यांच्या मळक्या बाजूचा एक माणूस, ज्याच्याबरोबर ते सकाळी चादरी मोजत होते, तोच दुपारी वरच्या वॉर्डात भरती झाला होता. भाऊंची पाचावर धारण बसली होती. पण पोरीला हे कुणी सांगितलं नाही. तिला एवढंच कळलं की आपण मळलो.

शनिवारी भाऊंना ताप भरला. तपासणी झाली. ते दोन-तीन दिवस पट्टीच्या अलीकडे चटईवर पडून होते आणि लेक पट्टीच्या पलीकडे. जेवण आमच्या घरून, सुपात ठेवून, काठीनं सरकवून. तपासणीत काही निघालं नाही. थकव्याचा ताप होता, उतरला. भाऊ पुन्हा साडेसहाला निघायला लागले आणि आम्ही सुटलो म्हटलं.

टकळी मात्र गप्प झाली.

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. दुपारची झोप लागली. मी तिला म्हटलं, “काय गं, जंतूंना सुट्टी दिलीस वाटतं?” ती नुसती बघत राहिली. मान हलवायची, हातानं खुणा करायची, मोबाईलवरच्या शाळेत बाईंनी नाव पुकारलं तर वहीवर ‘हजर’ लिहून दाखवायची. आईचा फोन आला की कॅमेऱ्यासमोर बसायची, ओठ घट्ट. आई तिकडून विचारायची, “रागावलीस का माझ्यावर?” पोरगी मान हलवून नाही म्हणायची.

भाऊ खूश होते. “शहाणी झाली हो आता. न सांगता हात धुते. जेवताना सांडत नाही. एकदा बोललो ते लागलं तिला.”

“शहाणी नाही भाऊ, गप्प झालीय ती,” आमची ही म्हणाली.

“आता गप्प बसायचेच दिवस आहेत, वहिनी.”

वीस वर्षं जो माणूस स्वच्छ आणि घडीदार वस्तू दिसली की काम झालं असं समजतो, तो दुसरं काय म्हणणार? डाग दिसत नव्हता, सुरकुती दिसत नव्हती. मुलगी धुऊन निघाली होती.

पण हिची नजर हटली नाही. ही पाटावर बसून बसून बघायची आणि मला सांगायची. पोरगी खुर्चीवर बसत नाही. सोफ्यावर बसत नाही. आतल्या भागात जमिनीवर वर्तमानपत्र पसरते आणि त्यावर बसते. चमचा टोकाला धरते. ताट अर्धं तसंच राहतं. तासातून चार वेळा उठून हात धुते. हाताची कातडी लाल झालीय, बोटांच्या बेचक्यांत फुटलीय.

एका सकाळी हिनं मला आतून ओढून बाहेर आणलं. “ते बघा. तिच्या कागदापाशी काय लिहिलंय.”

मी चष्मा चढवला. वर्तमानपत्राच्या कडेला, फरशीवर, खडूनं लिहिलं होतं, ‘गुरुवार ४ वाजता’. ते खोडून ‘शनिवार’, भाऊंना ताप भरला तो. ते खोडून ‘मंगळवार’. मग ‘शुक्रवार’, ‘सोमवार’, परत ‘गुरुवार’. एकाखाली एक. दर तीन दिवसांनी नवा वार.

भाजीच्या पिशवीपाशी लिहितात तसं.

त्या दुपारी इस्त्री जिना चढून आले तेव्हा ही आमच्या दारात उभीच होती. माझी बायको एरवी मऊ बोलते. त्या दिवशी मी मध्ये पडायचं धाडस केलं नाही.

“तुमच्या चादरी बोलत नाहीत म्हणून पोरीनं पण बोलायचं नाही का?”

“काय झालं, वहिनी?”

“तिनं स्वतःला खडूनं लिहून ठेवलंय. भाजीसारखं. तीन दिवस झाले की खोडते आणि परत लिहिते. तिला जवळ घ्या.”

भाऊंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, माझ्या हाताखालून रोज नऊशे चादरी जातात. कुठल्या चादरीवर काय आहे ते मला माहीत नसतं. मला जवळ घ्यायचं नाही असं वाटतं का तुम्हाला? पण तिला काही झालं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? मी लांब राहू शकतो, एवढंच माझ्या हातात आहे.”

“लांब राहूनच झालंय हे.”

“बघतो,” ते म्हणाले, आणि आत गेले. जाळीची कडी पोरीनं काढून दिली होती आणि ती आतल्या खोलीत गेली होती, नेमाप्रमाणे. मी बघितलं, त्या दिवशी भाऊ अंघोळ करून आले आणि तिच्या कागदाशेजारी बसले. काही तरी बोलत होते. ती उठली आणि तिचा कागद घेऊन भिंतीकडे सरकली. ते पुढे सरकले नाहीत. पोरीनं बापाला हात लावायचंच बंद केलंय, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. त्यानंतर त्यांचे कपडे तसेच कडक राहिले, माणूस मात्र ढिला पडला.

बुधवारी, त्या बोलण्यानंतर चौथ्या दिवशी, अकराच्या सुमारास ही स्वयंपाकघरात गेली आणि पाटावर मी बसलो. समोर कागद होता, त्यावर पोरगी नव्हती. असेल आत, म्हटलं. मग नळाचा आवाज आला. थांबेना. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मग वास आला. जाळीतून, तिखट, नाकात जाणारा. हॉस्पिटलच्या जिन्यात येतो तो.

भाऊंनी ब्लिचिंग पावडरचा एक डबा घरी आणून ठेवलेला होता, न्हाणीघरातल्या फळीवर. धुलाईखान्यात सगळे त्याला नुसतं ‘पूड’ म्हणतात.

“टकळे,” मी हाक मारली. “काय चाललंय गं?”

नळ बंद झाला. मी जाळी धरून हलवली. कडी आतून. आमची ही बाहेर आली, वास आला, आणि तिचा चेहराच उतरला. “भाऊंना फोन लाव,” मी म्हटलं. “मी इथं बोलत राहतो.”

आता धुलाईखान्याची गंमत अशी की मळक्या बाजूला फोन न्यायची बंदी. स्वच्छ बाजूला भिंतीवर एक फोन असतो. तिथं घड्या घालणाऱ्या एका बाईनं तो उचलला. तिनं हिचं बोलणं ऐकलं, कागदावर मोठ्या अक्षरांत ‘घरी जा. मुलगी’ एवढं लिहिलं, मधल्या काचेवर मुठीनं ठोकलं आणि कागद काचेला लावला. हे तिनं नंतर सांगितलं. म्हणाली, मुकादमांनी मोजता मोजता हातातली चादर तशीच टाकली, तेव्हाच समजलं, काही खरं नाही.

तोवर इकडे मी जाळीला तोंड लावून उभा.

“टकळे, दार उघडतेस का? काकूला साखर हवी होती.”

आतून आवाज आला. बारीक, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला.

“काका, बोलू नका. जंतू उडतात.”

एकोणीस दिवसांनी मी तिचं बोलणं ऐकलं, आणि वाक्य माझंच होतं. माणसाच्या तोंडून निघालेली गंमत पोरीच्या घशात जाऊन बसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

“ते मी खोटं सांगितलं,” मी म्हटलं. “थट्टा केली होती. तुझ्या बोलण्यानं काही होत नाही.”

“मग बाबांना ताप का आला?”

“कामानं आला. दमले होते.”

पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, अगदी शांतपणे, शाळेतला प्रश्न विचारावा तसं, “काका, बाबा शंभर चादरींना एक डबा घालतात. एका मुलीला किती घालायची?”

मी आयुष्यात पुष्कळ वायफळ बोललो. त्या एका घटकेला मात्र मला कळत होतं की आता जे बोलीन ते ती करील.

“थांब हं,” मी म्हटलं. “असं अंदाजानं नाही चालत. हिशोब लागतो. एका चादरीचं वजन किती?”

“दोन चादरींचा एक किलो. बाबांनी सांगितलंय.”

“आणि तुझं?”

“बावीस.”

“मग तुझ्या वजनाच्या चादरी किती? नीट कर. घाई नको.”

मला वाटलं, निदान तीन-चार मिनिटं जातील. “चव्वेचाळीस,” ती म्हणाली. पोरीचं गणित चांगलं आहे याचं दुःख मला त्या दिवशी झालं. “म्हणजे अर्ध्या डब्याला थोडी कमी,” ती म्हणाली, आणि बादली सरकल्याचा आवाज आला.

ही माझ्या मागे उभी राहून माझा शर्ट पिळत होती. मग भाऊंनी कधी तरी जिन्यात उभं राहून दिलेलं व्याख्यान आठवलं. कुणा नवख्या पोरानं सरसकट पूड ओतून डॉक्टरांचे डगले विरवले, आणि भाऊ त्याला आठवडाभर बोलत होते.

“पण डाग कुठं आहे?” मी विचारलं. “डाग बघितल्याशिवाय पूड घालतात का? कापड जळतं. बाबांना विचार. आधी उजेडात धरून बघतात.”

बादली सरकायची थांबली.

“बाबा बघतात आधी,” ती म्हणाली.

“मग? मी इथं चष्मा लावून उभा आहे. मला धंदाच तो आहे, बघण्याचा. आण इकडे, दाखव कुठं मळलंय.”

मी मोजत होतो. अकरापर्यंत पोचलो तेव्हा न्हाणीघराचं दार करकरलं. ती बाहेर आली, फ्रॉक कोपरापर्यंत ओला. दोन्ही हात पुढे धरलेले, जसं दुसऱ्या कुणाचं काही उचलून आणावं. एकदा बादलीत बुचकळून झाले होते. फुटलेल्या कातडीवर ते पाणी गेलेलं. ओठ चावून उभी होती, पण रडत नव्हती.

“सगळीकडे आहे,” ती म्हणाली. “दिसत नाही, पण आहे.”

“बाळा,” ही पुढे झाली, “आधी स्वयंपाकघरातल्या नळाखाली धर. साधं पाणी. सोडून ठेव नळ, मी सांगेपर्यंत हलायचं नाही.”

तिनं ऐकलं. स्वयंपाकघर जाळीतून दिसतं. स्टुलावर चढली आणि हात धारेखाली धरले. ही जाळीतून सांगत राहिली, “शाबास. अजून. उलटे कर. अजून.” कडी काढ म्हणायची आमची हिंमत झाली नाही. ती नळापासून हलायला नको होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या. इस्त्री मळक्या बाजूच्या निळ्या कपड्यांतच आले होते, अंघोळ न करता, सायकल तशीच रस्त्यात टाकून. वीस वर्षांत पहिल्यांदा नेम मोडला होता. त्यांनी जाळी धरली.

“उघड, बाळ.”

“नाही,” ती नळाखालून ओरडली. “तुम्हाला ताप येईल. मी मळकी आहे.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता जाळी उपटणार. त्यांनी जाळी सोडली आणि दोन पावलं मागे झाले.

“तू मळकी नाहीस,” ते म्हणाले. “त्याच दिवशी स्वच्छ झालीस. मी दोनदा अंघोळ घातली होती ना.”

“तुम्ही सांगितलं नाही.”

“नाही सांगितलं.”

“मी वाट बघितली.”

मी खरंच सांगतो, त्या माणसानं आजवर कुणाची माफी मागितली असेल असं मला वाटत नाही. माफी मागायची वेळच येऊ द्यायची नाही, यासाठीच तर त्याची सगळी धडपड.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “माझ्याबरोबरचा माणूस त्या दिवशी आजारी पडला होता. मी घाबरलो होतो. घाबरलो म्हणून ओरडलो. मला ताप आला तो तुझ्यामुळे नाही. तपासून झालंय. तू काही केलं नाहीस.”

ती हात धारेखाली धरून मान वळवून बघत होती. “पण तुम्ही आत्ता मळके आहात,” ती म्हणाली. “अंघोळ नाही केली.”

“नाही केली.”

“मग कशी उघडू?”

ते बरोबर होतं. नेम त्यांचाच. भाऊंनी एकदा बंद जाळीकडे बघितलं आणि मग आमच्या हिला म्हणाले, “वहिनी, दोन बादल्या पाणी मिळेल का? आणि साबण.”

“इथं?” ही म्हणाली.

“इथंच. तिला दिसलं पाहिजे.”

आणि मग आमच्या इमारतीनं जे बघितलं ते पुढची कित्येक वर्षं सांगितलं जाईल, मी सांगेनच. ज्या माणसाला गॅलरीतही बनियनवर कुणी बघितलं नव्हतं, त्यानं जिन्यापुढच्या चार फरशांवर निळे कपडे उतरवले, पिशवीत घालून तोंड बांधलं, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उकिडवा बसून अंघोळ केली. वरच्या कठड्यावरून तीन डोकी वाकली. एक म्हातारा म्हणाला, “पाणी गेलंय का यांच्याकडचं?” भाऊ मान खाली घालून साबण लावत होते, हात, कोपर, मान, कुठलाही विनोद न करता, जणू एकेक वस्तू मोजून देत होते. माझ्या जिभेवर पाच-सहा वाक्यं आली. मी ती गिळली.

नळ बंद झाला. टकळी जाळीपाशी येऊन उभी राहिली होती, हात पुढे धरून. बघत होती.

“कानामागे राहिलं,” ती म्हणाली.

भाऊंनी कानामागे लावलं.

“दुसऱ्या.”

दुसऱ्याही लावलं. उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं आणि ठिबकत उभे राहिले. तिनं मनगटानं कडी वर सरकवली आणि चार पावलं मागे जाऊन भिंतीला टेकली. ते आत गेले. तिच्या जवळ गेले नाहीत. न्हाणीघरातली बादली मोरीत ओतली, डबा झाकण लावून बाहेर माझ्या हातात दिला, खिडक्या उघडल्या. मग तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर जमिनीवर बसले. ती उभी, ते बसलेले. कुणी कुणाला हात लावला नाही. आम्ही आमचं दार लोटून घेतलं. अगदी घट्ट नाही.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. हातांना मलम लागलं. हॉस्पिटलातल्या मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी भाऊंना फोनवर धारेवर धरलं. त्या म्हणाल्या, तिला खरं सांगत जा, थोडक्यात सांगा, पण रोज सांगा. आणि तिला ओढून जवळ घेऊ नका, तिची ती येईल. केव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही. भाऊंनी केव्हा ते दोनदा विचारलं होतं.

मग ते वाट बघायला लागले. दुपारी अंघोळ करून, हात गुडघ्यांवर ठेवून, खुर्चीत. खडूचे वार पुसले गेले, कागद राहिला. टकळी दिवसाला चार-पाच वाक्यं बोलायची. खुर्चीभोवती लांबून फेरी मारायची आणि परत कागदावर. एकदा तर त्यांच्या खांद्याच्या मागे येऊन उभी राहिली. मग गेली हात धुवायला. भाऊ तसेच बसलेले. त्यांच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा. तीन आठवडे हे बघणं मला जमलं, पण त्यांना कसं जमलं कोण जाणे.

केसांचं मात्र वाट बघून भागेना. दीड महिना कुणाला हात लावू न दिल्यानं डोक्याचा पार गुंता झालेला. आईनं फोनवर तो बघितला आणि तिकडून हुंदका दिला. “विंचरा नाही तर कापा,” ती म्हणाली. कापायचं म्हटल्यावर टकळी स्वतःच फणी घेऊन आली आणि भाऊंपुढे पाठ करून बसली. फणी त्यांच्या हातात दिली नाही, शेजारी जमिनीवर ठेवली.

भाऊंनी फणी उचलली. बोटं केसांना लागू न देता ते टोकापासून विंचरू लागले, जसं फाटक्या कापडाला हात लावावा. पोरगी ताठ. मी आणि ही इकडे पाटावर, एकाच पाटावर दोघं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग एक गाठ अडकली, भाऊंनी जरा ओढलं.

“दुखतंय ना,” टकळी म्हणाली आणि मागे हात टाकून तिनं त्यांच्या मनगटावर चापट मारली. चांगली, वाजेल अशी.

दोघंही थिजले. ती मान वळवून स्वतःच्या तळव्याकडे बघायला लागली. भाऊंनी फणी तशीच हवेत धरलेली. नळ तिच्यापासून सहा पावलांवर होता. आमच्या हिनं माझ्या दंडात नखं रुतवली.

टकळीनं तळवा फ्रॉकला पुसला. उठली नाही. परत पाठ फिरवून बसली, जरा मागे सरकून.

“हळू विंचरा,” ती म्हणाली. “आई आधी गाठ हातानं सोडवते. हातानं.”

इस्त्रींनी फणी खाली ठेवली.